गाऊन की ड्रेस

कस्टमच्या कुलथे मॅडमनी कपडा उलटा केला आणि पाठीवरची चेन मानेपासून कमरेपर्यंत सावकाश खाली ओढली. गोदामावर नुसता पत्रा होता आणि पत्रा तापलेला होता. बोलत कुणीच नव्हतं, त्यामुळे चेनचा तेवढासा आवाजही सगळ्यांना ऐकू गेला.

“हा नाइट गाऊन?” त्यांनी विचारलं.

प्रश्न जयाला होता. शेजारी हमाल कटर घेऊन उभे होते, पुढचा खोका फोडायचा की नाही ते न कळून तिच्याकडे बघत होते. मॅडमनी चेन पुन्हा वर चढवली, आतलं अस्तर दोन बोटांत धरून पाहिलं, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल उघडून लावलं. मग आणखी खोके फोडायला सांगितले. रंग बदलत गेले, गुलाबी गेला, मोरपंखी आला, जांभळा आला. पण चेन प्रत्येकाला होती. अस्तर होतं, पट्टा होता. शेवटी मॅडमनी सगळा माल अडकवून ठेवायला सांगितला. औटींना आणि तुम्हाला, दोघांनाही जबाबाला यावं लागेल, समन्स निघेल, एवढं बोलून त्या निघून गेल्या.

हमालांनी कपडे परत खोक्यांत कोंबायला सुरुवात केली तेव्हा जयाच्या लक्षात आलं, की आपण मघापासून गळ्यातलं कार्ड मुठीत आवळून धरलं आहे.

सुप्याच्या पुढे, जिथे पूर्वी मेंढरं चरायची त्या माळावर हा कंटेनर डेपो उभा राहिला होता. बंदरावर उतरलेला माल सीलबंद कंटेनरमधून इथे यायचा आणि इथून सुटायचा. तो सोडवून देणं हा सहादेव औटींचा धंदा, आणि औटींच्या ऑफिसात त्याचे कागद करणं हे जया शिरसाटचं काम. परदेशातून आलेली वस्तू नेमकी काय आहे ते कस्टमला द्यायच्या बिलावर लिहायचं आणि सरकारच्या जाडजूड पुस्तकातून तिचं हेडिंग शोधून तिला लावायचं. हेडिंगवर कस्टम ड्युटी ठरते. बायकांचा कपडा मागावर विणलेल्या कापडाचा की होजिअरीचा, सुती की सिंथेटिक, ब्लाऊज की जॅकेट, झोपताना घालायचा की बाहेर जाताना, प्रत्येकाचं हेडिंग वेगळं. झोपायच्या गाऊनला नगामागे ड्युटी कमी, बाहेरच्या ड्रेसला जास्त. बिल मंजूर करणारा साहेब कुठल्या शहरात बसतो हे कुणालाच माहीत नसतं. तो पडद्यावर कागद बघतो, आणि बरेचसे कंटेनर न उघडताच सुटून जातात.

हा उघडला गेला.

माल संगमनेरच्या सुनील गुंजाळचा होता. लग्नसराई तोंडावर आलेली, दुकानाचं नवं शोरूम झालेलं. त्याने मालाचे फोटो मोबाईलवर पाठवले तेव्हा जयाने ते मोठे करून पाहिले होते आणि औटींच्या टेबलाशी जाऊन सांगितलं होतं, की साहेब, हे गाऊन नाहीत, ड्रेस आहेत. औटी तेव्हा हसले होते. नगरच्या बाया दिवसभर गाऊनच घालतात, वरून ओढणी टाकून भाजी आणायला जातात, बँकेतसुद्धा जातात. मग गाऊन कुठला आणि ड्रेस कुठला, गाऊनच टाका, असं म्हणाले होते. तीही हसली होती. केडगावात तिच्या गल्लीत रोज सकाळी तेच तर दिसायचं. हसत हसतच ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि बिलात ‘बायकांचे झोपायचे गाऊन’ असं टाकून तिने बटण दाबलं.

ते हसणं आता तिला राहून राहून आठवत होतं.

औटी माणूस म्हणून वाईट नव्हते. जया जामखेडकडची, बी.कॉम. होऊन लग्नानंतर नगरला आलेली. फोन उचलायला म्हणून या ऑफिसात लागली. कागद बघता बघता तिला त्यात गोडी वाटायला लागली, हे औटींनीच आधी ओळखलं. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं की ते पिशवीतून घरचे कपडे काढून टेबलावर पसरायचे. बायकोचं जुनं स्वेटर, लेकीचा फ्रॉक, सुनेचा कुर्ता. टाचणीने धागा उसवून दाखवायचे, काडी पेटवून जाळायचे आणि वास घ्यायला लावायचे. पुढून बटणं उजवी बाजू वर ठेवून लागत असतील तर बायकांचा, डावी वर असेल तर पुरुषांचा. आणि बघून काहीच ठरत नसेल तर? तर तो बायकांत टाकायचा, पुस्तकातच तसं लिहिलंय. हे सांगताना त्यांना दर वेळी गंमत वाटायची.

ती पहिल्यांदा डेपोत गेली त्या दिवशी नेमका बायकांच्या आतल्या कपड्यांचा खोका फुटला होता. हमाल, ड्रायव्हर, दुसऱ्या एजंटांची पोरं, सगळ्यांनी तिच्याकडे बघून दात काढले. कुणीतरी एक कपडा बोटावर धरून फिरवला. औटी पुढे झाले, तो कपडा काढून घेतला, घडी करून खोक्यात ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाले, माल हाय, माल म्हनून बघा. त्यानंतर त्या डेपोत तिच्यादेखत कुणी हसलं नाही. पुढे परीक्षा देऊन तिने कस्टमचं काम करायच्या परवानगीचं गळ्यातलं कार्ड मिळवलं, कस्टमच्या साहेबांसमोर एकटी उभी राहून बोलायला लागली. सगळे तिला मॅडम म्हणायला लागले. मागच्या वर्षी तिने स्वतःच्या लायसनची लेखी परीक्षा दिली, तोंडी पुढे व्हायची होती. ती पास झाली तेव्हा औटींनीच ऑफिसात पेढे वाटले. वाटता वाटता म्हणाले, “आता काय, जयाताई आमच्यासमोरच दुकान टाकनार.” सगळे हसले होते. औटीही हसले होते, पण पेढ्याचा पुडा त्यांनी जरा लवकरच मिटला, असं तिला उगाच वाटून गेलं होतं.

समन्स आलं त्या संध्याकाळी औटींनी बाकीच्यांना लवकर घरी जायला सांगितलं आणि स्वतः उठून दार लावलं.

“बसा जयाताई.”

ती बसली. त्यांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे केला. मग बोलायला लागले तेव्हा एका दमात बोलले.

“तुमी म्हना, माझ्या हातून चूक झाली. फोटू नीट बघितला न्हाई, गाऊन समजून टाकलं. क्लार्कची चूक म्हनलं की दंड भरून माल सुटतो. जानूनबुजून केलं म्हनलं की लायसन जातं.”

“आणि माझं कार्ड?”

“ताकीद देत्याल. जास्तीत जास्त.”

“तोंडी परीक्षा आहे माझी, साहेब. जबाबात चूक कबूल केली तर मला बोलावतील का?”

औटी उठून खिडकीशी गेले. खाली स्टेशन रोडवर रिक्षांची गर्दी होती.

“परीक्षा काय, पुढच्या वर्षी बी हाय,” ते म्हणाले. “हापिस एकदा बंद पडलं तर ते पुढच्या वर्षी न्हाई उघडत. हितं पोटाला लागलेली मानसं हायत, जयाताई. तुमाला समदी ठावकी हायत.”

तिला ठाऊक होती. डेपोत धावपळ करणारा ज्ञानेश्वर, ज्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. हिशेब बघणाऱ्या बाई. चहा करणाऱ्या, तिच्याच गल्लीतल्या लंकामावशी. एकेकाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून गेला. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. औटींनी ते हो धरलं. जिना उतरेपर्यंत तिनेही ते हो धरलं होतं.

घरी तिचा नवरा, कल्याण, एमआयडीसीतून येऊन मोरीत हात घासत होता. तो नागापूरला प्रेसवर कामाला होता आणि हाताचं ग्रीस निघायला त्याला रोज तेवढाच वेळ लागायचा. जयाने त्याच्या पाठीशी उभं राहून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सांगून झाल्यावर नळ बंद केला.

“तुला दिसलं हुतं का न्हाई?”

“दिसलं होतं.”

“मंग न्हाई दिसलं म्हनून कसं सांगनार तू?”

कल्याणने टॉवेल घेतला, हात पुसले. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. तिथे तो नेहमी जरा जपून पुसायचा. प्रेसखाली ते बोट गेलं त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांत आधी औटी पोहोचले होते, जयाच्याही आधी.

“पर मानूस वाईट न्हाई त्यो,” कल्याण म्हणाला. “मी काय सांगू? तुझं तू ठरव.”

जबाबाच्या दिवशी औटी तिला घ्यायला केडगावला आले. गाडी ते स्वतःच चालवायचे. चास मागे पडलं. मग गुंजाळचा फोन आला आणि गाडीतल्या स्पीकरवर त्याचा आवाज मोठ्याने घुमला. “अण्णा, बाईंना समजावलं ना सगळं? बाई ऐन वेळी कच खाणार नाहीत ना?” औटींनी घाईघाईने बटण दाबून फोन तोडला. तो पुन्हा वाजला, तेव्हा त्यांनी उचलला नाही. जया बाहेर बघत होती. तिला आत्तापर्यंत वाटत होतं, की ही गोष्ट तिच्या आणि औटींच्या मधली आहे.

डेपोतली कुलथे मॅडमची खोली छोटी होती. एक टेबल, कॉम्प्युटर, कपाट, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर घडी करून ठेवलेला तो मोरपंखी कपडा. दाराला काच होती. काचेतून बाहेरचा बाक दिसायचा आणि बाकावर बसलेले औटी. मॅडमनी नाव, वय, पत्ता, शिक्षण विचारलं, कार्ड घेऊन नंबर टाइप केला. सगळं त्या शांतपणे विचारत होत्या आणि तेच जयाला जड जात होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे बिल कुणी भरलं?”

“मी.”

“गाऊन असं कुणी ठरवलं?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. उत्तरही पाठ होतं. तिने पाणी मागितलं. मॅडमनी बाटली पुढे सरकवली आणि ती पाणी पिईपर्यंत मोरपंखी कपडा उलगडून टेबलावर आडवा केला.

“हा घालून तुम्ही झोपाल?”

“नाही.”

“मग बिल भरताना हे दिसलं नाही तुम्हाला?”

जयाने कपड्याकडे पाहिलं. पाठीची चेन शिवणीत लपवलेली होती, चांगल्या कारागिराचं काम होतं. अस्तर खालून सुटं सोडलं होतं, चालताना पायात अडकू नये म्हणून. हे सगळं तिला तेव्हाही दिसलं होतं, मोबाईलच्या एवढ्याशा फोटोत. चूक झाली असं ती म्हणू शकली असती. चूक कुणाच्याही हातून होते. पण दिसलं नाही, हे शब्द जिभेवर येईनात. शनिवारच्या दुपारी टेबलावर वाकून, डोळे ताणून ती जे शिकली होती, ते सगळं त्या दोन शब्दांत पुसून जाणार होतं. मग मागे काय उरणार होतं? फोन उचलायला ठेवलेली एक बाई.

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “मी साहेबांना सांगितलंही होतं की हे ड्रेस आहेत. ते गाऊनच टाका म्हणाले. मी टाकलं.”

मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनी खुर्ची किंचित मागे घेतली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बघा, तुम्ही नोकर आहात. मालकांनी सांगितलं म्हणून भरलं, तुम्हाला फरक कळला नव्हता, एवढंच लिहिलं तरी चालेल. तुमचं कार्ड वाचेल.”

काचेपलीकडे औटी बाकावरून उठून उभे राहिले होते. त्यांना आतलं ऐकू येत नव्हतं. ते नुसते बघत होते.

जयाला वाटलं, किती सोपं आहे. एकाने सांगितलं होतं सगळं स्वतःवर घे. दुसरी सांगत होती सगळं त्याच्यावर टाक. दोघांनाही तिच्याकडून एकच हवं होतं, की तिला काही कळत नव्हतं असं तिने म्हणावं.

“मला फरक कळतो, मॅडम,” ती म्हणाली. “त्यांनाही कळतो. त्यांनीच शिकवलंय मला. दोघांना माहीत होतं, आणि आम्ही दोघांनी केलं. असंच लिहा.”

“मग तुमच्यावरही जाणूनबुजून केल्याचा ठपका येईल. समजतंय ना?”

“समजतंय.”

मॅडमनी लिहून घेतलं. प्रिंटर चालू झाला. जयाने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी ‘सांगितले’चं ‘सुचवले’ झालं होतं ते बदलायला लावलं, आणि प्रत्येक पानावर सही केली. मग बाहेर येऊन बाकावर बसली.

औटी आत गेले. दार लागलं. काचेतून तिला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मॅडमनी तिचा जबाब त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ती पाठ हलली नाही. ते वाचायला चष्मा शोधत राहिले, या खिशात, त्या खिशात, आणि तो त्यांच्या डोक्यावरच होता. जयाने मान फिरवली. बाहेर आवारात क्रेन एकावर एक कंटेनर रचत होती आणि प्रत्येक कंटेनर टेकला की खालची जमीन हादरायची.

ते बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिच्याकडे न बघता ते गाडीकडे चालू लागले. तिने क्षणभर विचार केला, रस्त्यावर जाऊन एसटी धरावी. पण ते गाडी सुरू करून थांबले होते. जवळ गेल्यावर तिला दिसलं, की पुढच्या सीटवर त्यांची बॅग आहे. तिने मागच्या दाराला हात घातला. तेवढ्यात औटींनी बॅग उचलून मागे टाकली. ती पुढे बसली.

कामरगाव गेलं तेव्हा ते बोलले.

“मी लिवून दिलं, की तुमी मला काहीच सांगितलं नव्हतं. बिल तुमी तुमच्या मनानं भरलं म्हनून.”

त्यांनी गिअर बदलला.

“तुमाला कागद मिळंलच वाचायला. म्हनलं आधी आपनच सांगावं.”

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली.

“मला लिवावंच लागलं, जयाताई.”

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. आला तो एक मोठा शीण, बाळंतपणानंतर यावा तसा, अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखा.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर, औटींचा जबाब कुणाला फारसा पटला नाही. त्यांचं लायसन काही महिने रोखलं गेलं, मग दंड होऊन परत मिळालं. ऑफिस चालू राहिलं, पण लहान झालं. ज्ञानेश्वर दुसऱ्या एजंटकडे गेला आणि त्याचं लग्न ठरल्या तिथीला झालं. लंकामावशी मात्र घरी बसल्या, आणि गल्लीत भेटल्या की जयाशी बोलायच्या नाहीत. गुंजाळने वाढीव ड्युटी भरून माल सोडवला आणि शोरूममध्ये ‘पार्टी ड्रेस’ अशी पाटी लावून विकला. त्याने एजंटही बदलला. जयाचं कार्ड रद्द झालं. तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं नाही. वर्षभराने ती नागापूरच्या एका कापडाच्या गोदामात लागली, आलेले गठ्ठे तपासून घ्यायला. तिथे तिला मॅडम कुणी म्हणत नाही. कधी कुणी जुन्या कामाचं विचारलंच, तर औटींबद्दल ती वाईट बोलत नाही, आणि चांगलंही बोलत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी गाडी केडगावच्या वळणाशी आली तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. पलीकडच्या बाजूला उसाचे दोन ट्रॅक्टर एकामागे एक रेंगाळत चालले होते आणि त्यांच्या मागे गाड्या तुंबल्या होत्या. औटींनी गाडी कडेला घेतली. जया उतरली, पदर सारखा केला. तिने दार लावलं, आपटू न देता, हाताने दाबून.

ट्रॅक्टर जाईपर्यंत ती दुभाजकाशी उभी राहिली. मग पलीकडे गेली आणि दुकानांच्या कडेकडेने आपल्या गल्लीकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, कुणीतरी शिवीही दिली. औटींची गाडी तशीच कडेला उभी होती, इंडिकेटर लावून. जया गल्लीत वळून दिसेनाशी झाली, त्यानंतर गाडी हलली.